डेटा कार्पेंट्रीचे इकॉलॉजीचे धडे : जीवशास्त्राच्या वर्गातून एक अभिप्राय

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मोठ्या नोंदसंचाचे विश्लेषण शिकवायचे ठरले, तेव्हा मी डेटा कार्पेंट्री या संशोधकांना माहिती हाताळायला शिकवणाऱ्या संस्थेचे इकॉलॉजीसाठीचे (परिसंस्थाशास्त्रासाठीचे) धडे निवडले. हे धडे विनामूल्य आहेत आणि श्रेय देऊन त्यांत बदल करण्याची, भाषांतर करण्याचीही मुभा आहे. वर्गात ते पूर्ण शिकवल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

या धड्यांचे खरे बळ त्यांतील माहितीत आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, पोर्टल गावाजवळच्या वाळवंटात 1977 पासून जमिनीच्या 24 कुंपणबंद तुकड्यांमध्ये उंदीरवर्गीय प्राणी पकडून, मोजून सोडले जातात. त्यांपैकी काही तुकड्यांत कांगारू-उंदरांना शिरता येणार नाही अशी व्यवस्था केलेली आहे, त्यामुळे एक गट वगळला की बाकीच्यांचे काय होते हे पाहता येते. पायथॉन या संगणकभाषेच्या धड्यात या अभ्यासाच्या 2002 पर्यंतच्या 35,549 नोंदी वापरल्या आहेत. एक्सेलमध्ये डोळ्यांनी वाचून भागणार नाही इतकी ही संख्या मोठी आहे आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावरही ती अडत नाही. शिवाय प्रत्येक ओळीमागे कुणीतरी हातात धरलेला एक जिवंत प्राणी आहे, हे कळल्यावर विद्यार्थी आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

याचा प्रत्यय वजनाच्या स्तंभाने दिला. 35,549 पैकी 32,283 नोंदींतच वजन आहे; उरलेल्या 3,266 जागा रिकाम्या आहेत. सरासरी वजन सुमारे 42.67 ग्रॅम येते, पण रिकाम्या जागी शून्य भरले तर तीच सरासरी 38.75 वर घसरते. धड्यात हे मुद्दाम करून दाखवले आहे. माझ्या वर्गात दोन गटांची दोन उत्तरे आली, तेव्हा मी काहीच न सांगता दोन्ही फळ्यावर लिहिली आणि शून्य ग्रॅम वजनाचा उंदीर कुणी पाहिला आहे का, एवढेच विचारले. त्यानंतरचा अर्धा तास विद्यार्थीच बोलत होते : वजन का राहिले असेल, प्राणी निसटला असेल का, नोंदींत पक्षी आणि ससेही आहेत, त्यांचे वजन केलेच नसेल का. संख्याशास्त्राच्या तासाला अशी चर्चा मी क्वचितच ऐकली आहे.

स्प्रेडशीटचा पहिला धडा अनेक जण सोपा समजून गाळतात; तसे करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. एका रकान्यात एकच गोष्ट लिहावी, रंग भरून अर्थ सुचवू नये, दिवस, महिना आणि वर्ष वेगवेगळ्या स्तंभांत ठेवावे, या सवयी आपल्या प्रात्यक्षिकाच्या वहीत कुठेच लागत नाहीत. मनुष्याच्या काही जनुकांची नावे एक्सेल तारखा समजून बदलून टाकत असे आणि 2020 मध्ये अखेर त्या जनुकांचीच नावे बदलावी लागली, हे उदाहरण मी येथे जोडले.

उणिवा आहेत. दोन दिवसांच्या कार्यशाळेसाठी बेतलेले हे धडे आपल्या वेळापत्रकात जसेच्या तसे बसत नाहीत. मला तीन-तीन तासांची सहा प्रात्यक्षिके लागली, आणि गटवार सारांश काढण्याच्या भागाला त्याहून अधिक वेळ द्यायला हवा होता. इंग्रजी सूचना वाचण्यातच ज्यांचा वेळ जात होता, त्यांच्यासाठी मी मराठी टिपणे केली. आज्ञा मूळच्याच ठेवल्या. संख्याशास्त्रीय चाचण्या येथे जवळपास नाहीत, त्या स्वतंत्रपणे शिकवाव्या लागतात. जनुकक्रमाच्या प्रचंड फायली हाताळायच्या असतील, तर याच संस्थेचे जीनोमिक्सचे धडे घ्यावेत. त्यांत 1988 पासून चालू असलेल्या ई. कोलाय जिवाणूच्या उत्क्रांती-प्रयोगाची माहिती वापरली आहे. मात्र त्यासाठी टर्मिनलची (आज्ञा टाइप करून संगणक चालवण्याची) सवय आणि बरे इंटरनेट लागते, म्हणून ते मी पदव्युत्तर वर्गासाठी राखून ठेवले आहेत.

पुढच्या वर्षी हेच धडे पुन्हा घेणार आहे. फायली मात्र आदल्या दिवशीच प्रत्येक संगणकावर उतरवून ठेवीन, कारण पहिल्या प्रात्यक्षिकातला पाऊण तास त्यातच गेला.