मॅक फिल्टर ठेवावं की नुसता पासवर्ड?

मनीषनगरच्या आमच्या घरी दोन वर्षं वायफायला मॅक फिल्टर होतं, पासवर्ड नव्हता. मॅक फिल्टर म्हणजे प्रत्येक यंत्राचा बारा आकडे-अक्षरांचा मॅक पत्ता राउटरच्या यादीत टाकायचा, यादीतल्यालाच प्रवेश. आईला टाइप करायची कटकट नको आणि यादीत नसलेला फोन जोडलाच जाणार नाही, असा माझा हिशेब. आता उलट आहे. दोन्ही वापरून झालंय म्हणून लिहितोय. तुमच्या घरचं गणित कदाचित वेगळं असेल.

एक बिलिंगचा कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि वर्षानुवर्षं तेच, अशा दुकानात फिल्टर चालून जातं. घरात मात्र माणसं येतात. मे महिन्यात पुतणीच्या लग्नाला अकोल्याचे भाऊजी आले. मी वरच्या खोलीत राउटरचं पान उघडून बसलेलो, ते खाली कुलरसमोरून हलायला तयार नाहीत. तिथूनच ओरडून बारा आकडे-अक्षरं सांगतायत. "बी की डी?" "डी रे, डमरूतला!" तीनदा टाकलं, जोडेना. "काऊन रे, अजून नाही?"

अर्ध्या तासाने उलगडा झाला. ते फोनच्या माहितीतला, कंपनीतून आलेला पत्ता वाचत होते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन बहुधा प्रत्येक वायफायला वेगळा, स्वतः रचलेला पत्ता देतो. (दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई दिसलं की समजायचं, पत्ता रचलेला आहे.) कुणी माग काढू नये म्हणून केलेली ही सोय चांगलीच, पण माझी यादी तिथे मोडली. लग्नघरात अजून सात फोन रांगेत होते.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. तो हसला आणि चहा संपायच्या आत माझ्यासमोर लॅपटॉपवरून आत शिरला. मॅक पत्ता हवेत उघडाच फिरतो. डब्ल्यूपीए२ (वायफायच्या पासवर्डामागची सुरक्षा पद्धत) लावलं तरी आतलाच मजकूर कुलूपबंद होतो, पाकिटावरचा पत्ता वाचता येतो. त्याने टीव्हीचा पत्ता टिपला, टीव्ही बंद केला आणि एका कमांडने तोच पत्ता लॅपटॉपला लावला. राउटरला तो टीव्हीच वाटला. शिवाय पासवर्ड नाही म्हणजे वायफायचं एन्क्रिप्शनही (मजकुराचं कुलूप) नाही, हे मी सोयीस्कर विसरलो होतो.

पासवर्डलाही खोड आहेच. एकदा बदलला की टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर शोधत बसा. आणि मोबाइल नंबर ठेवलात तर काही उपयोग नाही: डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपून घरी निवांत अंदाज लावत बसता येतं. ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे, तर असंबद्ध चार-पाच शब्द जोडा. राउटरमध्ये त्याच्या पुढचं डब्ल्यूपीए३ असेल तर तेच निवडा, त्यात असे घरबसल्या अंदाज चालत नाहीत. फिल्टर आणि पासवर्ड दोन्ही एकत्र ठेवायला हरकत नाही म्हणतात, पण ती डमरूची कसरत मला पुन्हा नको.

भाऊजी दिवाळीला परत आले. गेस्ट नेटवर्कचा (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायचा) पासवर्ड फ्रिजवर चिकटवलेला होता, आणि कुलर माळ्यावर गेला होता.