अपघातानंतरच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या: काही महिने वापरल्यावर

दादाच्या अपघातात मांडीचं हाड आणि बरगड्या मोडल्या, पोटाचंही ऑपरेशन झालं. आयसीयूतून सुटल्यावर अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींचं नुकसान रोखण्यासाठी देतात त्या गोळ्या सुरू झाल्या: व्हिटॅमिन सी, ई, झिंक आणि सेलेनियम. तेव्हापासून गोळ्यांचं सगळं मीच बघते. इतक्या महिन्यांनी माझं ठाम मत झालंय: डबीवर किती मिलिग्रॅम छापलंय यापेक्षा त्यातलं रक्तात किती उतरतं, ते बघा.

सीची गोळी आधी १००० मिलिग्रॅमची होती. घेतली की पोटात मुरडा, मग जुलाब. आधीच अशक्त माणूस, त्यात हे! आहारतज्ज्ञांनी कारण सांगितलं. आतड्यातून सी आत नेणाऱ्या प्रथिनांना मर्यादा असते. २०० मिलिग्रॅमपर्यंत जवळजवळ सगळं शोषलं जातं. १०००च्या पुढे हे प्रमाण निम्म्याखाली येतं आणि उरलेलं आतड्यात पाणी ओढतं. आता सकाळ-संध्याकाळ छोटा डोस आहे, पोट शांत आहे.

ई स्निग्ध पदार्थात विरघळतं, शोषणाला पित्त लागतं. म्हणून ते जेवणानंतरच. दादाला रक्त पातळ करणारं औषध चालू असल्यामुळे डॉक्टरांनी डोस कमीच ठेवला, कारण जास्त ई घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे औषध चालू असेल तर ई मनाने सुरू करू नका, कळकळीने सांगते.

झिंकने रिकाम्या पोटी मळमळायचं. धान्य-कडधान्यांतल्या फायटेट नावाच्या नैसर्गिक घटकामुळे ते कमी शोषलं जातं, म्हणून वेळ जुळवायला त्रास झाला. जास्त झिंक दीर्घकाळ घेतल्यास शरीरातलं तांबं कमी होतं, त्यामुळे जखम भरल्यावर ते बंद केलं.

रिपोर्टबद्दलही सांगते. अंगात सूज-दाह असताना रक्तातलं झिंक, सेलेनियम कमी दिसतं, खरी कमतरता नसली तरी. आमचे डॉक्टर सीआरपी (दाह किती आहे ते दाखवणारी रक्ततपासणी) सोबत बघूनच अर्थ लावतात.

गुण आला का? जखम छान भरली, पण त्याचं श्रेय मी प्रथिनयुक्त आहाराला आणि फिजिओथेरपीला देईन. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडॉक्स नावाच्या वैद्यकीय अभ्यासात १२२३ अत्यवस्थ रुग्ण होते. अँटिऑक्सिडंट दिलेल्यांमध्ये मृत्यू कमी झाले नाहीत. तिथे सेलेनियम शिरेतूनही दिलं होतं, म्हणजे निदान सेलेनियमचं शोषण कमी पडलं असंही म्हणता येत नाही. सध्या दादाला फक्त सी चालू आहे, तेही पुढच्या तपासणीपर्यंत.