परदेशासाठी पोलीस क्लिअरन्स: पासपोर्ट सेवा बरी, घोळ पत्त्याचा

सेतूवाला चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज भरून देतो, पण परदेशासाठी सहसा ते चालत नाही. पासपोर्ट सेवा पोर्टलवरून पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटच काढावं. फी 500 रुपये. सप्टेंबर 2022 पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातही अपॉइंटमेंट मिळते, त्यामुळे दरवेळी नागपूरचं पासपोर्ट सेवा केंद्र गाठावं लागत नाही. मूळ पासपोर्ट आणि पहिल्या-शेवटच्या पानांच्या झेरॉक्स न्याव्यात. केंद्रातलं काम झटपट होतं.

गाडी अडते ती पोलीस ठाण्यात. पासपोर्टवर जुनं गाव, आधारवर नवं, की फाईल लटकलीच. चौकशीत शेजारचे साक्षीदार मागितले, तर कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात सापडतं कोण? पोलीस पाटलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. अर्जातला मोबाईल मात्र स्वतःचाच द्यावा, सेतूवाल्याचा नाही.