दोन हजारांच्या आतला क्रँकबेट रॉड : कृष्णाकाठी आठ महिने वापरल्यावर

क्रँकबेट म्हणजे माशासारखी दिसणारी, नाकाला पट्टी असलेली नकली आमिषाची लूर. ओढली की पट्टीमुळे ती खाली जाते आणि थरथरते. रॉड सात फुटी, दोन तुकड्यांचा, ग्लास आणि कार्बन मिसळून केलेला, ताकद मीडियम. दांड्यावर छापलंय लूर 10 ते 30 ग्रॅम, दोर 8 ते 17 पौंड. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन 190 ग्रॅम भरलं. सोबत 3000 साइजचं स्पिनिंग रील, गिअर 5.2 (हँडलच्या एका फेऱ्यात दोर गुंडाळणारा भाग 5.2 वेळा फिरतो), त्यावर 20 पौंडाचा ब्रेड, म्हणजे विणलेला दोर, आणि पुढे लूरला बांधायचा दोन फूट 25 पौंडाचा फ्लुरोकार्बनचा तुकडा, म्हणजे लीडर. तुलनेला त्याच किमतीचा पूर्ण कार्बनचा ‘फास्ट’, म्हणजे फक्त टोकाकडे वाकणारा, रॉड होता. ऑक्टोबर ते मे दोन्ही आलटून पालटून वापरले. कृष्णेवरचे बंधारे, भिलवडीच्या वरचा खडकाळ पट्टा, कऱ्हाडच्या खालचे डोह असं पाणी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. रॉड कसा वाकतो ते बघता आलं की नावाशिवायही दुकानात निवड करता येते.

निकाल आधीच सांगतो. क्रँकबेटसाठी हा जड, मऊ, दिसायला साधा रॉड त्या चकचकीत कार्बनपेक्षा कितीतरी चांगला निघाला. दुकानात मात्र दहातले नऊ जण कार्बनच उचलतील, कारण तो हातात हलका लागतो आणि हलवला की टोक लगेच थांबतं. क्रँकबेटला नेमकं तेच नडतं.

क्रँकबेटच्या पोटाला आणि शेपटीला दोन तिहेरी गळ असतात. पाच-सहा सेंटिमीटरच्या लूरला ते 6 नंबरचे, सातच्या आसपास 4 नंबरचे. तार बारीक, टोक लहान. मासा लूरवर येतो तेव्हा बऱ्याचदा एकच टोक ओठाच्या कातडीत दोन-तीन मिलिमीटर शिरलेलं असतं. वर 10-15 ग्रॅमची लूर तोंडाबाहेर लोंबकळते, आणि माशाने मान झटकली की तिचं वजनच तरफेसारखं गळ उपटून काढतं. ताठ रॉडने हिसका दिला की ते दोन मिलिमीटर फाटतात. मऊ रॉड मधोमध वाकतो, हिसका गिळतो, दोरावरचा ताण एकसारखा ठेवतो. दुसरं असं की मासा लूर तोंडात घेतो त्या क्षणी मऊ टोक किंचित पुढे जातं, त्यामुळे लूर ओढून काढली जात नाही, अजून आत जाते. कार्बन रॉडवर लूरला धक्का लागून मासा न लागण्याचे प्रकार जास्त झाले, ते याचमुळे. त्यात ब्रेड. तंगूस, म्हणजे साधा नायलॉनचा दोर, ताणला जातो, ब्रेड जवळजवळ नाही. म्हणजे जी लवचीकता दोरात नाही ती सगळी रॉडमधूनच यायला हवी. कार्बन फास्ट रॉडच गळ्यात पडला असेल तर त्यावर ब्रेड काढून 0.30 मिलिमीटरचा तंगूस भरा, निम्मा दोष जाईल. लूर थोडी कमी खोल जाईल, एवढंच.

आता छापलेल्या अक्षरांबद्दल, कारण घोळ इथेच होतो. रॉडवर ‘एम’ लिहिलेलं असतं ती ताकद, म्हणजे किती वजनाला वाकतो. ॲक्शन वेगळी, म्हणजे कुठून वाकतो. फास्ट वरच्या चौथ्या हिश्शात वाकतो, मॉडरेट निम्म्यापासून, स्लो थेट मुठीपर्यंत. स्वस्तातल्या रॉडवर बरेचदा ॲक्शनच्या पुढे ताकदच छापलेली असते, त्यामुळे अक्षर वाचून काही कळत नाही. वाकवून बघा. दुकानातच सगळ्या कड्यांतून दोर ओवायचा, अर्धा लिटरची भरलेली पाण्याची बाटली बांधायची आणि रॉड जमिनीला साधारण 45 अंशात धरून हळू उचलायची. मग लिटरची. बाजूने कुणाला तरी फोटो काढायला सांगा. हातात रॉड असताना बाक नीट दिसत नाही. अर्ध्या लिटरला फक्त टोक वाकलं आणि खालचा दांडा काठीसारखा सरळ राहिला तर तो सोडा. लिटरला बाक वरून मधल्या जोडापर्यंत गोल उतरला, आणि मुठीजवळचा फूट-दीड फूट ताठ राहिला, तर घ्या. मूठच वाकायला लागली तर तोही नको, लांब फेकीवर लागलेला मासा वळवता येत नाही. टोक जमिनीवर किंवा छताला दाबून बघायची सवय मात्र वाईट. बाक चुकीच्या ठिकाणी पडतो आणि नवा रॉड तिथेच चिरतो.

छापलेल्या 10 ते 30 ग्रॅमवर विश्वास ठेवू नका. या रॉडवर 10 ते 18 ग्रॅमला फेक उत्तम. 7 ग्रॅमला टोक वाकतच नाही, लूर पंधरा-वीस मीटरवर पडते. 24 च्या वर गेलं की दांडा मागे लोळतो आणि फेकीची दिशा हाताबाहेर जाते.

ताकद पुरते का? खुल्या पाण्यात पुरते. खडकाच्या कपारीतून शिंगाळा बाहेर काढताना आठ किलोच्या ड्रॅगची, म्हणजे मासा ओढत असताना दोर सोडण्याआधी रील जेवढा ताण धरतं त्याची, गरज पडत नाही. सामान उचलायचा स्प्रिंगकाटा दोराला लावून ड्रॅग दोन किलोवर सुटेल असा बसवला होता, 20 पौंड म्हणजे नऊ किलोच्या दोराला तेवढा बास. पण मरळीसाठी हा रॉड अपुरा आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. मरळीचा जबडा हाडाचा, आणि ती बसते केंदाळाच्या कडेला. तिथे क्रँकबेट टाकायचीच नाही, तिथे बेडूक लूर आणि ताठ मीडियम-हेवी रॉड. एका रॉडवर दोन्ही कामं करायच्या नादात दोन्ही बिघडतात. कडेच्या मोकळ्या पाण्यात क्रँकबेटवर मरळ येते, तेव्हा हिसका न देता रील फिरवत राहायचं आणि रॉड आडवा, कमरेच्या बाजूला ओढत न्यायचा. गळाची टोकं नखावर घासून बघा. नख ओरखडलं नाही आणि टोक घसरलं तर तो गळ बदला. मऊ रॉडवर धार हेच सगळं. स्वस्त लूरचे मूळचे गळ दोन-तीन माशांत उघडतात, त्यांच्या जागी त्याच नंबरचे मजबूत गळ बसवा. त्याहून मोठे गळ लावले तर लूर तरंगायची थांबते आणि तिची थरथर मरते. रोहू-कटल्यासाठी क्रँकबेट टाकत बसू नका, ते पिठाच्या गोळ्याला येणारे मासे. चिलापी लहान लूरला अंगावर आल्यासारखी धडकते, पण तोंड लहान, लागते कमी.

संवेदनशीलता हा शब्द दुकानात फार ऐकू येतो. ग्लास बोथट असतो हे खरं आहे, पण क्रँकबेट स्वतःच एवढी थरथरते की या रॉडवरही ती मुठीत येते. टोकाकडे पाहिलं तर ते सतत बारीक मान हलवत असतं. पुढची पट्टी काळ्या खडकाला लागली की ही मान एकदम दोनदा डुलते, लूर बाजूला उसळते, आणि पुन्हा तीच लय. लय थांबून टोक नुसतंच जड झालं तर पट्टीत शेवाळ अडकलंय. थांबून आडवं ओढलं गेलं तर मासा. या तीन गोष्टी ओळखायला एखादा दिवस लागतो, महागडा कार्बन लागत नाही. खडकाला टेकवत आणणं मात्र हवंच. लूर खडकावरून उसळते त्या क्षणालाच बहुतेक मासे येतात, आणि मऊ टोक असल्यामुळे ती खडकात रुतण्याआधीच उसळते. ताठ टोक तिला आणखी आत ओढतं.

अडकलीच तर ओढू नका. दोर पूर्ण ढिला सोडा, तरंगणारी लूर बऱ्याचदा मागे सरून आपोआप सुटते. नाही सुटली तर मोटारसायकलचा जुना स्पार्क प्लग घ्या, त्याच्या फटीत तारेची कडी अडकवून फट बंद करा, कडी दोरावर घालून प्लग खाली सोडा आणि दोर हलवत राहा. प्लग लूरच्या नाकावर आपटतो, लूर मागे निसटते. आठ महिन्यांत वाचलेल्या लूरची किंमत रॉडपेक्षा जास्त भरेल.

लूर एका बाजूला पळत असेल तर रॉडला दोष देण्याआधी तिच्या नाकातली कडी बघा. आपल्या बाजूने पाहताना लूर उजवीकडे जात असेल तर कडी पकडीने केसभर डावीकडे वळवा, पुन्हा ओढून बघा. लूर थेट गाठीत बांधण्यापेक्षा छोटा गोल क्लिप लावा. फिरकी नको, तिच्या वजनाने नाक खाली जातं.

रील 5.2 गिअरचंच घ्या. हँडलच्या एका फेऱ्याला साधारण 70-75 सेंटिमीटर दोर येतो. 6.2 च्या रीलवर खोल जाणारी लूर ओढताना मनगट भरून येतं आणि हात नकळत वेग वाढवतो. रॉडचं टोक पाण्याकडे खाली ठेवून ओढलं की लूर जास्त खोल जाते, पण रॉड दोराच्या सरळ रेषेत नको, थोडा बाजूला हवा. सरळ धरला तर तो वाकणारच नाही, आणि मऊ रॉड घेतल्याचा उपयोग काय?

आता बिघाड. तिसऱ्या महिन्यात ब्रेडला शेवटच्या मीटर-दीड मीटरवर लोकरीसारखे धागे सुटायला लागले. दोर खराब असेल असं वाटून तेवढा कापला, आठवड्यात पुन्हा तेच. टोकाच्या कडीतून कापसाचा बोळा फिरवला आणि तो एका ठिकाणी अडकला. भिंगातून पाहिलं तर आतल्या सिरॅमिक चकतीला केसाएवढी चीर. लूर टोकाच्या कडीत आपटेपर्यंत गुंडाळण्याच्या सवयीने ती जाते. लूर नेहमी टोकापासून वीतभर आधीच थांबवा. दुरुस्ती घरी होते. जुन्या कडीच्या धातूच्या नळीवर लायटर दोन-तीन सेकंद धरायचा, ज्योत दांड्याला लागू द्यायची नाही, पकडीने कडी सरळ ओढायची. पिळायची नाही. त्याच मापाची नवी कडी गरम गोंदाने बसवून बाकीच्या कड्यांच्या रेषेत आणायची. रॉड घेतानाच सगळ्या कड्यांतून कापूस फिरवून बघा आणि बंदुकीसारखा नेम धरून कड्या एका रेषेत आहेत का तेही बघा.

मधला जोड दुसरा त्रास. मोटारसायकलवर न्यायला साडेतीन फुटांचे तुकडे सोयीचे, पण दिवसभर फेकून जोड ढिला होतो, आणि ढिल्या जोडावर एक जोरात फेक म्हणजे आतली नळी चिरलीच समजा. नर तुकड्यावर मेणबत्तीचं मेण चोळलं की पकड घट्ट बसते आणि सुटतेही सहज. अर्ध्या तासाने एकदा हात लावून बघत जा. जोड आवळलाच तर पकड लावू नका. रॉड गुडघ्यांच्या मागे आडवा धरून हात गुडघ्यांच्या बाहेर ठेवा आणि गुडघे फाकवा, सरळ ओढ मिळून तुकडे सुटतात. रीलसीटचा, म्हणजे रील बसवायच्या जागेचा, नटही हलका आहे, त्यावर रबराचा एक वेढा घातला की रील डुलत नाही. वजनाची तक्रार खरी आहे. चार तासांनंतर मनगट बोलतं.

एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत लूर ठेवू नका. पोकळ प्लॅस्टिक फुगतं, शिवण उघडते आणि मग पाणी शिरून लूर बुडते.

काठाबद्दल दोन शब्द, रॉडच्या परीक्षणात असले तरी. नदीकाठी पाणी उपसायच्या जॅकवेलच्या विजेच्या तारा खाली लोंबलेल्या असतात. सात फुटी रॉड वर उचलला की हातासकट तेरा-चौदा फूट होतात. कार्बन वीज वाहून नेतो, आणि ओला ग्लासही सुरक्षित समजू नका. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत, गुडघाभर पाण्यात उतरून मासा हाताळायचा नाही, लांब दांड्याची जाळी ठेवायची. धरणांचे जलाशय आणि तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यांना विचारल्याशिवाय दोर टाकू नका. कोयना अभयारण्य आणि चांदोलीत तर रॉड घेऊन जायचंच नाही. महाशीर लागला तर काठावरूनच, जाळीत पाण्यातच ठेवून गळ काढून सोडा. गळाच्या टोकामागचे उलटे काटे पकडीने आधीच दाबून ठेवले असतील तर हे काम दहा सेकंदांचं.

जूनमध्ये बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेले असतात, पाणी गढूळ होतं, तेव्हा रॉड साध्या पाण्याने धुऊन, जोड सोडवून उभा ठेवा. भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर चार महिन्यांत कायमचा बाक येतो. रीलच्या ड्रॅगचा नॉब पूर्ण सैल करा. आवळून ठेवला तर आतले फेल्टचे वॉशर दाबून बसतात, आणि ऑक्टोबरात पहिल्याच माशाला दोर सरकण्याऐवजी अडखळत सुटतो.