स्लरीची डेन्सिटी: मार्सी स्केल की न्यूक्लिअर गेज?
स्लरीची (पाण्यात कालवलेल्या दळलेल्या खनिजाची) डेन्सिटी मोजायला यातलं काय घ्यावं हे ज्यांचं ठरत नाहीये त्यांच्यासाठी. मार्सी स्केल म्हणजे 1 लिटरचा डबा नि काटा, 1400 ग्रॅम भरलं की डेन्सिटी 1.4, त्यात क्वार्ट्झ (डेन्सिटी 2.65) असेल तर सॉलिड्स वजनाने साधारण 46 टक्के. स्वस्त, बिघडायला काही नाही, पण डबा भरताना जाड कण तळाशी बसले की आकडा चुकलाच, आणि रात्रपाळीत सॅम्पल खरंच घेतलं की वहीत नुसता आकडा टाकला हे कोण बघतंय!
न्यूक्लिअर गेज पाइपच्या बाहेरून बसतो, सीझियम-137 चा किरणोत्सर्गी सोर्स, स्लरीला शिवत नाही म्हणून झिजत नाही. महाग, परवान्याची कटकट, हवेचे बुडबुडे किंवा पाइपमध्ये थर साचला की फसतो.
डेन्सिटीप्रमाणे पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप चालवायचा असेल तर गेजच, शिफ्टला दोन-तीन रीडिंगवर भागत असेल तर डबा पुरे. गेज घेतला तरी डबा टाकू नका, गेजचं कॅलिब्रेशन (आकडा बरोबर येतोय का) त्यावरच तपासता येतं.