नवी टाटा अल्ट्रोझ : गाडीतला आराम नेमका कुठे आहे
22 मे 2025 रोजी टाटा मोटर्सने अल्ट्रोझचे नवे रूप बाजारात आणले, तेव्हा जाहिरातींमध्ये सगळा भर पडद्यांवर आणि दिव्यांवर होता. 10.25 इंचांचा टचस्क्रीन, चालकासमोर तेवढ्याच आकाराचा डिजिटल पडदा, 360 अंशांचा कॅमेरा, आवाजी सूचनेवर उघडणारे सनरूफ आणि मोबाइलसाठी वायरलेस चार्जर अशी ही यादी आहे. 2020 च्या जानेवारीत आलेली ही गाडी पुण्यातच तयार होते आणि पुण्याच्या रस्त्यांवर ती मुबलक दिसते, त्यामुळे तिच्याविषयी इथल्या वाहतुकीच्या संदर्भातच लिहिणे योग्य ठरेल. या गाडीतला खरा आराम तिच्या मूळ बांधणीत आहे. नव्या तंत्रज्ञानाने त्यात दोन ठिकाणी मोलाची भर घातली आहे आणि एका ठिकाणी मात्र सोय कमी केली आहे.

बांधणीतली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दरवाजे. अल्ट्रोझची चारही दारे 90 अंशांत उघडतात. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठ व्यक्तीला आधी सीटवर पाठमोरे टेकायचे असते आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे असतात. दार अर्धवट उघडणाऱ्या गाडीत पाय दाराच्या कडेला अडतात, येथे ती अडचण येत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी गाडी उभी असेल, तर दार पूर्ण उघडता येत नाही हे खरे, परंतु दवाखान्याच्या किंवा मंगल कार्यालयाच्या दारात थांबल्यावर या रचनेचे मोल लगेच कळते. नव्या रूपात पुढच्या दारांची हँडल पत्र्याशी समतल झाली असून त्यांत दिवेही आहेत. ती देखणी आहेत, एवढेच त्यांच्याविषयी म्हणता येईल. मागच्या दारांची हँडल पूर्वीप्रमाणेच खिडकीमागच्या खांबात उंचावर आहेत आणि लहान मुलांचा हात तिथपर्यंत सहज पोहोचत नाही.

मागच्या बाकावर मांड्यांना मिळणारा आधार कंपनीने आता वाढवला आहे. पुण्याहून कोल्हापूरपर्यंतच्या प्रवासात मागे बसणाऱ्याची पाठ आणि मांड्या किती थकतात, यावर त्या गाडीविषयीचे घरातले मत ठरत असते, म्हणून ही सुधारणा मला महत्त्वाची वाटते. मागची जमीन जवळपास सपाट असल्याने मधल्या प्रवाशाला पाय फाकवून बसावे लागत नाही. मागच्या प्रवाशांसाठी स्वतंत्र एसी व्हेंट आहेतच. सस्पेन्शन थोडे कडक आहे, त्यामुळे कमी वेगात खड्ड्याचा हलका धक्का जाणवतो, पण वेग वाढल्यावर गाडी रस्त्याला धरून राहते आणि वळणावर प्रवासी इकडून तिकडे कलत नाहीत.

नव्या तंत्रज्ञानात सर्वांत उपयोगी म्हणून मी 360 अंशांच्या कॅमेऱ्याचे नाव घेईन, आणि ते केवळ पार्किंगसाठी नव्हे. इंडिकेटर दिला की त्या बाजूचे मागचे दृश्य चालकासमोरच्या पडद्यावर उमटते. डावीकडे वळताना आरशात न दिसणारी दुचाकी आपल्या कुशीत शिरलेली असते, हा पुण्यातल्या कोणत्याही चौकातला अनुभव आहे, आणि ती दुचाकी नजर फारशी न हलवता दिसणे हा आरामही आहे आणि सुरक्षितताही. याच पडद्यावर नकाशा घेण्याची सोय आहे. मुख्य टचस्क्रीनवर अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले विनातार चालतात. चित्र स्पष्ट आहे आणि अक्षरे ठळक आहेत. सनरूफविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात ते बंदच ठेवावे लागते.

सोय कमी झाली ती एसीच्या नियंत्रणात. त्याची बहुतेक कामे आता स्पर्शपटलावर गेली आहेत. गोल फिरणारे बटण बोटांना न पाहताही सापडते, गुळगुळीत पटलावर मात्र बोट नेमके कुठे टेकवायचे हे पाहावे लागते. पावसाळ्यात ताम्हिणीत काचेवर अचानक वाफ धरते, तेव्हा हवेचा झोत काचेकडे वळवण्यासाठी चालकाची नजर रस्त्यावरून हटणे मला अजिबात मान्य नाही. दिसायला सुबक म्हणून असे बदल करण्याची स्पर्धा सर्वच कंपन्यांमध्ये चालली आहे आणि ग्राहकांनी याविषयी स्पष्ट बोलायला हवे.

स्वयंचलित गिअरच्या बाबतीत ग्राहकाला आता दोन पर्याय आहेत आणि त्यांतला फरक समजून घेतल्याशिवाय निर्णय करू नये. पाच गिअरच्या एएमटीमध्ये (स्वयंचलित केलेल्या मॅन्युअल गिअरमध्ये) मूळ गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्रणा करते. म्हणून गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटल्यासारखी वाटते. सहा गिअरच्या डीसीएमध्ये (दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरमध्ये) दोन क्लच असतात, एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवला जातो, त्यामुळे बदल जवळपास जाणवत नाही. हे क्लच तेलात बुडालेले असल्याने सिंहगड रस्त्यावरच्या संथ, थांबत-सरकत चालणाऱ्या वाहतुकीतही ते लवकर तापत नाहीत. रोज दोन वेळा अशा गर्दीतून जाणाऱ्याने सनरूफचे पैसे वाचवून डीसीए घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवेन. पेट्रोल इंजिन 1.2 लिटरचे, तीन सिलिंडरचे आणि 88 पीएस (अश्वशक्तीचे माप) ताकदीचे आहे. शहरात ते पुरते, मात्र चार माणसे, सामान आणि एसी घेऊन खंबाटकी चढताना ते दमते आणि त्याचा आवाजही आत येतो.

सीएनजी घेणाऱ्यांसाठी एक रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या आहेत, त्यामुळे वर 210 लिटर जागा उरते आणि दोन मध्यम बॅगा सहज मावतात. इंधनाचे झाकण उघडताच इंजिन आपोआप बंद होते, ही सोयही चांगली आहे.

सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरू लागल्यास तिला सावरणारी यंत्रणा) सर्वांत स्वस्त प्रकारापासून दिले आहेत, हे मी कोणत्याही पडद्यापेक्षा वर ठेवतो. 2020 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या धडक चाचणीत या गाडीला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच, तर मुलांच्या सुरक्षेसाठी तीन तारे मिळाले होते. 2025 मध्ये भारत एनकॅप या भारतातल्या अशाच चाचणी कार्यक्रमाने दोन्ही विभागांत पाच तारे दिले. दोन्ही चाचण्यांचे निकष वेगळे असल्याने थेट तुलना करता येत नाही, तरी लहान मुले असलेल्या घराने हा निकाल जमेस धरावा. पुढच्या सीटमधून गार हवा देणारी सोय नव्या रूपात नाही, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्याचा विचार करता ती वरच्या प्रकारांत तरी हवी होती.

बाजारात आली तेव्हा किंमत 6.89 लाख रुपयांपासून (एक्स-शोरूम) सुरू होत होती. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी 28 वरून 18 टक्के झाल्याने ती आणखी खाली आली. महामार्गावर आणि घाटांत ज्यांचे येणे-जाणे जास्त आहे, त्यांनी 1.5 लिटर डिझेलचा विचार अवश्य करावा. त्यात स्वयंचलित गिअर मिळत नाही, परंतु 200 न्यूटन-मीटरच्या ओढीमुळे भरलेली गाडीही चढावर गिअर न उतरवता निघते, आणि भारतात डिझेलवर मिळणारी ही एकमेव हॅचबॅक उरली आहे.