नायकाचा प्रवास आणि जादूचे नियम: पावसाळा ते होळी वापरल्यानंतर

फँटसी लिहायची म्हटलं की दोन गोष्टी कुणी ना कुणी हातात ठेवतंच. एक म्हणजे 'नायकाचा प्रवास' नावाचा बारा पायऱ्यांचा तक्ता, आणि दुसरी म्हणजे अमेरिकी लेखक ब्रँडन सँडरसन यांचे जादूविषयीचे तीन नियम. गेल्या पावसाळ्यात मी मराठीत एक लांबलचक फँटसी कादंबरी लिहायला घेतली. तेव्हापासून होळीपर्यंत दोन्ही गोष्टी कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या होत्या आणि दोन्ही भरपूर वापरल्या. नुसतं वाचून दिलेले अभिप्राय पुष्कळ मिळतात, म्हणून हा वापरून दिलेला.

आधी मालाचं मूळ. पुराणकथांचे अमेरिकी अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी 1949 साली जगभरच्या पुराणकथा एकमेकींशेजारी ठेवून सगळ्यांचा सांगाडा एकच आहे असं मांडलं. त्यांच्या मांडणीत प्रस्थान, दीक्षा आणि परतणं असे तीन भाग आणि सतरा टप्पे आहेत. आपल्याला सगळीकडे दिसतो तो बारा पायऱ्यांचा तक्ता मात्र क्रिस्टोफर व्होगलर यांचा. ऐंशीच्या दशकात डिस्नेत काम करताना त्यांनी कॅम्पबेलचं सार सात पानी टिपणात उतरवलं आणि 1992 मध्ये त्याचं पुस्तक झालं. म्हणजे आपण वापरतो ते सिनेमावाल्यांचं हत्यार आहे. दोन तासांत गोष्ट संपवायची असेल तर ते चोख चालतं. सहाशे पानांच्या कादंबरीत त्याची पकड लवकर ढिली होते.

माझी कादंबरी थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. नाशिकच्या गोदाघाटावर फुलं विकणाऱ्या घरातली एक मुलगी आहे आणि तिला पाणी बोलावता येतं. काळ जुना, पण जागा ओळखीच्या: रामकुंड, तपोवन, ब्रह्मगिरी.

सुरुवातीला तिला पाणी बोलावता यायचं, बस. कुठून, किती, कशाच्या बदल्यात, काहीच ठरलेलं नव्हतं. इथे सँडरसनचा पहिला नियम कामाला आला. त्यांनी तो 2007 साली मांडला आणि आशय असा: वाचकाला जादू जितकी नीट कळलेली असेल, तितकाच लेखकाला जादूने पेच सोडवण्याचा हक्क. दुसरा नियम सांगतो की शक्तीपेक्षा शक्तीच्या मर्यादा जास्त रंजक असतात. तिसरा सांगतो की नवी जादू आणण्याआधी आहे तीच खोलवर पसरवा.

दुसऱ्या नियमासाठी मला अमेरिकेपर्यंत जायची गरजच नव्हती, हे मला वापरताना कळलं. कर्णाची वासवी शक्ती घ्या. अमोघ, पण एकदाच वापरता येणारी. ती अर्जुनासाठी राखलेली आहे हे कर्णाला ठाऊक, कृष्णाला ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक. मग घटोत्कच रात्रीच्या युद्धात कौरवसेना अशी काही झोडपतो की कर्णाला ती त्याच्यावर सोडावी लागते. पांडव रडताहेत आणि कृष्ण आनंदाने नाचतोय. या प्रसंगाचा सगळा जोर 'एकदाच' या एका अटीत आहे. ती अट काढा, घटोत्कचाचा मृत्यू हा युद्धातला आणखी एक मृत्यू होतो. सौप्तिक पर्वातलं ब्रह्मशिर अस्त्रही तसंच: अर्जुनाला ते सोडताही येतं आणि आवरताही येतं, अश्वत्थाम्याला फक्त सोडता येतं. मंत्र दोघांचा एकच, फरक माणसांत. जादूची मर्यादा स्वभावात रोवली की ती किती धारदार होते याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

माझ्या कादंबरीतल्या मुलीसाठी मी अट ठरवली ती नाशिककराला समजावून सांगावी लागत नाही. पाणी नवं तयार होत नाही. तिने इथे ओढलं की खाली कुठेतरी तेवढंच कमी होतं. दर दुष्काळात जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावरून नाशिक-नगर एकीकडे आणि मराठवाडा दुसरीकडे उभा राहतो. ते पाहत वाढलेल्या वाचकाला ही अट एका ओळीत पोचते. उर्सुला ली ग्विन यांच्या 1968 च्या अर्थसी कादंबरीतही हाच विचार आहे: एका बेटावर पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटावरचा दुष्काळ ठरू शकतो. मी तो वाचला तेव्हा कॅलिफोर्नियात वाढलेल्या बाईंना आपली खोरी कशी कळली असं वाटून गेलं.

मोजमापाचा प्रश्न उरला होता. जादू किती झाली हे वाचकाला कसं कळणार? पुष्कळ कादंबऱ्यांत त्यासाठी पातळ्या आणि आकडे असतात, आणि ते वाचताना मला खेळाचा स्कोअर बघितल्यासारखं वाटतं. आमच्याकडे पूर मोजायला गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, गळ्यापर्यंत गेलं. पुराच्या दिवसांत नाशिकमध्ये कुणीही 'मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?' असंच विचारतं. कादंबरीत मुलीवर चढलेलं पाण्याचं कर्ज मी तसंच मोजते. आमच्या वाचनगटात वाचून दाखवलं तेव्हा एकानेही पातळी समजावून मागितली नाही.

तिसऱ्या नियमाने सगळ्यात जास्त काम केलं आणि त्याचीच चर्चा सगळ्यात कमी होते. मधल्या भागात गोष्ट रेंगाळली तेव्हा मला अग्निविद्या आणायचा मोह झाला होता. नियम म्हणाला, थांब, आधी पाणीच पुरतं वापरून बघ. मग प्रश्न सुचत गेले. पाणी बोलावणारी मुलगी गावात आहे हे कळल्यावर पखालीने पाणी विकणारा काय करेल? तिला हाकलेल की नोकरीला ठेवेल? पर्वणीला रामकुंड भरलेलं हवं म्हणून तिला कोण बोलावेल, आणि त्या दिवशी खालच्या गावाची विहीर आटली तर पुण्य कुणाचं आणि पाप कुणाचं? निफाडच्या शेतावरची गार तिने अडवली तर ती दिंडोरीत पडेल का? अग्निविद्या लागलीच नाही. पखालवाला आता दीडशे पानं व्यापून बसलाय.

नियमांचाही एक तोटा आहे. आमच्या वाचनगटात सातपूरच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा एक दादा आहे. त्याने धातूंच्या जादूची नियमावली लिहायला घेतली. कोष्टकं, अपवाद, अपवादांचे अपवाद. पावसाळा त्यात गेला, दिवाळी गेली, गोष्टीचं पहिलं वाक्य अजून लिहायचंय. वाचायला नियमावली झकास आहे हेही खरं. पण गूढ ठेवायचं तिथे गूढच ठेवावं. टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गँडाल्फ या जादूगाराला नेमकं काय काय येतं हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही आणि काही बिघडत नाही, कारण अंगठीचा पेच त्याच्या जादूने सुटत नाही.

आता बारा पायऱ्या. माझी खरी तक्रार इथे आहे.

रोजचं जग, हाक, नकार, गुरूची भेट, उंबरा ओलांडणं, कसोट्या, गुहा, अग्निदिव्य, बक्षीस, परतीची वाट, पुनर्जन्म आणि शेवटी अमृत घेऊन घरी. यादी वाचताना डोकं हलतं, कारण सगळं ओळखीचं असतं. लिहायला बसलं की दुसरंच घडतं. आमच्या गटात चार जणांनी हा तक्ता समोर ठेवून लिहिलं आणि चारही कादंबऱ्यांत दाढीवाला गुरू आला. चौघंही गुरू मध्यंतराच्या आसपास वारले. माझा तपोवनातला होता. गटातले निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, माझं प्रकरण ऐकून म्हणाले, "बाळ, ही मुलगी गुहेत का चालली आहे ते तुझ्या तक्त्याला माहीत आहे. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही."

तक्त्यातली सगळ्यात लंगडी पायरी नकाराची आहे. तिथे नकार म्हणजे नायकाची तात्पुरती भीती. गुरू येतो, समजूत घालतो, गाडी पुढे जाते. आपल्याकडे अर्जुनाने नकार दिला आणि त्याची समजूत अठरा अध्याय चालली, ते एक वेळ बसतं तक्त्यात. पण कर्ण? उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं गुपित सांगतो, राज्य देऊ करतो, थोरल्या पांडवाचा मान देऊ करतो. कर्ण नाही म्हणतो. हाक खरी, बोलावणारा साक्षात कृष्ण, आणि तरीही त्या नकारातच कर्ण मोठा होतो. तक्त्याप्रमाणे चाललं तर त्याची गोष्ट तिथेच अडकली म्हणायची.

गुरूचंही तसंच. नवनाथ भक्तिसारात मच्छिंद्रनाथ सप्तशृंगीवर देवीच्या कृपेने शाबरी विद्येच्या मागे लागतात, ते प्रकरण आमच्या जिल्ह्यातलं असल्याने लहानपणापासून कानावर आहे. पोथी म्हणून पारायण करणाऱ्यांनी रागावू नये, मी इथे फक्त कथानक बघतेय. त्या ग्रंथात अस्त्रांवर अस्त्रं येतात आणि प्रत्येकाला उतारा असतो, त्यामुळे लढाया थोड्या एकसुरी होतात. मनात राहतो तो स्त्रीराज्याचा भाग. गुरूच मोहात अडकलेत आणि शिष्य त्यांना सोडवायला निघालाय. गोरखनाथ तिथे अस्त्र काढत नाहीत. नाचगाण्याच्या ताफ्यासोबत आत शिरतात आणि मृदंगातून 'चलो मच्छिंदर गोरख आया' असा बोल काढतात. गुरू मरत नाही, पडतो, आणि त्याला उठवायची जबाबदारी शिष्यावर येते. माझ्या तपोवनातल्या म्हाताऱ्याला मी त्यानंतर जिवंत ठेवलं. तो आता पखालवाल्याच्या पदरी आहे आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त त्रास देतो.

कॅम्पबेलना दोष देताना जपून द्यायला हवा. मूळ पुस्तकात 'परतण्यास नकार' असा एक वेगळा टप्पा आहे आणि तिथे त्यांनी आपल्याच मुचकुंदाची गोष्ट घेतली आहे. देवांसाठी लढून थकलेला राजा वर मागतो तो झोपेचा: जो उठवेल तो माझ्या नजरेने भस्म होईल. पुढे कालयवन पाठलागावर असताना कृष्ण त्याच गुहेत शिरतो. कालयवन झोपलेल्यालाच कृष्ण समजून लाथ मारतो आणि जळून जातो. सँडरसनचा पहिला नियम इतक्या नेटकेपणाने पाळलेला मी क्वचित पाहिलाय. वराची अट आपल्याला आधीच सांगितलेली असते, शत्रूला नसते, आणि कृष्ण एकही शस्त्र न उचलता फक्त पळतो. मग मुचकुंद गुहेबाहेर येतो तर माणसं खुजी झालेली, काळ बदललेला. तो घरी जात नाही, तपाला निघून जातो. बारा पायऱ्यांच्या तक्त्यात हा टप्पाच गाळलाय. तिथे शेवटी सगळे अमृत घेऊन घरी येतात. टोल्किनचा नायक फ्रोडोसुद्धा घरी येतो खरा, पण त्याला तिथे राहता येत नाही.

मला तक्त्याचा उपयोग झाला तो पहिला खर्डा संपल्यावर. शिवून झालेल्या कपड्याला टेप लावावी तसा तो लावला आणि एक खोट लगेच दिसली: अग्निदिव्याच्या प्रकरणात मुलीचं काहीच जात नव्हतं. ती पूर अडवत होती, लोक जयजयकार करत होते, बस. तक्ता फक्त एवढंच सांगतो की इथे नायक मरून उठल्यासारखा बदलला पाहिजे. कसा, ते सांगत नाही. उत्तर मिळालं जादूच्या अटीतून. अडवलेलं पाणी कुठेतरी जाणारच, आणि ते तिच्या आईच्या माहेरच्या गावात गेलं. त्या एका निर्णयानंतर पुढची चार प्रकरणं मला फारशी जुळवावी लागली नाहीत. ली ग्विन यांच्या कादंबरीतही हीच गाठ आहे. खऱ्या नावाने हाक मारली की वस्तूवर सत्ता येते, हा तिथला नियम. आणि नायक आपल्या सावलीला अखेर जे नाव देतो ते त्याचं स्वतःचं असतं. नियम आणि प्रवास एकाच शब्दात भेटतात.

गुण द्यायचेच तर नियमांना पाचपैकी चार, बारा पायऱ्यांना अडीच. कॅम्पबेलच्या मूळ सतरा टप्प्यांना साडेतीन, जरी पुस्तक वाचायला जड आहे आणि मधले मानसशास्त्राचे उतारे मी सरळ ओलांडले. नायिका असेल तर मॉरीन मर्डॉक यांची 1990 सालची नायिकेच्या प्रवासाची मांडणीही चाळावी. मला तिचा उपयोग आई-मुलीच्या प्रकरणापुरता झाला. खर्चाचं म्हणाल तर सँडरसनचे नियमांवरचे लेख त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. तक्ता कुठेही मिळतो. पहिल्यांदा लिहिणाऱ्याने नियम पहिल्या दिवसापासून जवळ ठेवावेत आणि तक्ता खर्डा पुरा होईपर्यंत कपाटाच्या आत.

एक गोष्ट दोन्ही हत्यारांनी सोडवलेली नाही. पूर ओसरलाय, मुलगी घाटावर परत आलीय, आणि खालच्या गावाचं देणं बाकी आहे. सर म्हणतात तिने विद्या सोडून द्यावी. सातपूरच्या दादाला वाटतं तिने दर पावसाळ्याला थोडं थोडं पाणी परत करत राहावं, आणि त्याने हप्त्यांचं कोष्टकसुद्धा करून दिलंय. मला त्याचं म्हणणं जास्त पटतंय. शेवटचं प्रकरण मी सध्या त्याच्या कोष्टकावरून लिहितेय.